लॉगिन हजारांचे, जोडण्या शंभर



गळीत हंगाम ऐन भरात असतो. वजनकाट्यावर बैलगाड्या, ट्रॅक्टर यांची रांग लागलेली असते, आणि आतून निरोप येतो, "थांबा जरा, सर्व्हर डाऊन आहे." तोडलेला ऊस थांबला की वाळतो, वजन घटते, उतारा पडतो. आपण चरफडतो, यंत्र बिघडले म्हणतो. पण पुष्कळदा यंत्र धडधाकट असते. फक्त आत शिरायला जागा उरलेली नसते.

हे कोडे आम्हाला उलगडले ते डोंबिवलीत. आपल्याकडची कितीतरी मुलं आज तिथं राहून ठाण्याला, मुंबईला संगणकाच्या कामावर जातात. डोंबिवली नागरी (1970), ठाणे जनता (1972), कल्याण जनता (1973) या सहकारी बँकाही याच पट्ट्यात उभ्या राहिल्या. म्हणजे सहकार तिथेही मुरलेला आहे. अशाच एका सभासदाच्या मुलाकडे आम्ही उतरलो होतो. डेटाबेस सांभाळणे हेच त्याचे काम. आम्ही विचारले, "बाबा रे, हजार माणसं लॉगिन झाली तर हजार जोडण्या लागतात का?"

तो हसला. "काका, सकाळचं स्टेशनचं तिकीटघर आठवा. आत माणसं दोनशे, खिडक्या पाच. एकेकाचं काम मिनिटाचं, म्हणून पाचात भागतं. माणसं म्हंजे लॉगिन झालेले, खिडक्या म्हंजे डेटाबेसच्या जोडण्या. तुम्ही मोबाईलवर लॉगिन करता ते ॲपमध्ये, डेटाबेसमध्ये नव्हे. ॲप स्वतःच्या एकाच नावानं वीस-तीस जोडण्या उघडून ठेवतं आणि ज्याचं काम येईल त्याला क्षणभर देतं. याला कनेक्शन पूल म्हणतात. नदीवरचा पूल नव्हे हो, सामाईक साठा!"

मग खोळंबा होतो कुठे? जुन्या पद्धतीच्या प्रोग्रामात प्रत्येक टेबलावरचा संगणक आपली जोडणी उघडतो आणि धरून बसतो. कारकून चहाला गेला तरी खिडकी अडलेलीच. एकाच माणसाने प्रोग्राम दोनदा उघडला तर माणूस एक, सेशन दोन. मर्यादा माणसे मोजत नाही, जोडण्या मोजते. पोस्टग्रेस या डेटाबेसात ही मर्यादा मुळात साधारण 100 असते, मायएसक्यूएलमध्ये 151.

"मग आकडा वाढवा की," आम्ही म्हणालो.

"वाढवता येतो, काका. पण पोस्टग्रेसात दर जोडणीला सर्व्हरवर वेगळी प्रक्रिया चालते, ती मेमरी खाते. खिडक्या वाढवल्या पण आत माणूसबळ तेवढंच, तर रांग हलायची नाही. आधी रिकाम्या बसलेल्या जोडण्या सोडवा." सगळे भरले तरी दुरुस्तीसाठी व्यवस्थापकाला शिरता यावे म्हणून पोस्टग्रेसात 3 जोडण्या राखीव असतात, हेही त्याने सांगितले.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. पाच कारकुनांनी एकच नाव आणि पासवर्ड वापरला, तर वजनाची चुकीची नोंद नेमकी कोणाच्या हातून झाली हे कळणार कसे? आणि जोडण्या सामाईक असतील तर डेटाबेसला फक्त ॲपचेच नाव दिसते. तेव्हा नोंद करणाऱ्याचे नाव ॲपनेच प्रत्येक नोंदीसोबत लिहून ठेवले पाहिजे. नाहीतर वाद काट्यावर होतो आणि पुरावा कुठेच नसतो.

म्हणून आपण तीन प्रश्न जरूर विचारावेत. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र लॉगिन आहे काय? रिकाम्या जोडण्या ठराविक वेळाने आपोआप बंद होतात काय? प्रत्येक वजनाच्या नोंदीपुढे ती करणाऱ्याचे नाव राहते काय?

घाम आपला, ऊस आपला. त्याच्या नोंदीचा हिशेब मागणे हाही सभासदाचा हक्कच आहे.