भरलेला दात आणि कपातला रंग

आमच्या लासूर स्टेशनला दात भरण्याला ‘सिमेंट भरणं’ म्हणतात. पूर्वी चांदी भरायची की सिमेंट, एवढाच प्रश्न असे. आता समोरच्या दाताला चांदी कुणी मागत नाही. मात्र दोन-तीन वर्षांनी तोच माणूस परत येतो. भरलेली जागा पिवळट पडलेली असते, कडेने तपकिरी रेघ उमटलेली असते. “डॉक्टर, सिमेंट किडलं का?” या प्रश्नाचं उत्तर घाईने दिलं, तर धड असलेला भराव उकरून काढला जातो आणि प्रत्येक उकरण्यात थोडा निरोगी दातही जातो. गेलेला दात परत येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मुळात ते सिमेंट नसतं. १९५५ साली मायकेल बुओनोकोर यांनी फॉस्फरिक आम्लाने दाताचं एनॅमल खरखरीत केलं, तर त्याला राळ घट्ट धरते हे दाखवलं. पुढे १९६२मध्ये राफेल बोवेन यांनी बिस-जीएमए नावाच्या राळेचं पेटंट मिळवलं. काचेची बारीक पूड आणि ही राळ यांचं मिश्रण म्हणजे आजचं कॉम्पोझिट. निळा प्रकाश टाकला की ते काही सेकंदांत कडक होतं. पण रेणूंच्या साखळ्या जुळण्याचं काम पुढे दिवसभर चालू राहतं आणि काही जोड तर कधीच जुळत नाहीत. काच रंग घेत नाही. राळ मात्र पाणी शोषते, आणि पाण्याबरोबर रंगही आत जाऊ शकतो. दात भरल्यावर पहिला दिवस चहा-कॉफी टाळा असं मी सांगतो, ते यासाठी.

सगळे रंग सारखे नसतात. चहा आणि कॉफीच्या डागांची तुलना करणारा एक अभ्यास १९९१मध्ये प्रसिद्ध झाला. चहाचा रंग बहुतांशी पृष्ठभागावर बसतो आणि घासल्यावर बराच जातो. कॉफीतले पिवळे घटक मात्र राळेत शिरतात, असं त्यात दिसलं. आपल्या चहाच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे: दूध. चहाला तुरटपणा देणारी टॅनिनसारखी द्रव्यं दुधातल्या केसीन या प्रथिनाला चिकटतात, दातावर बसायला कमी उरतात. मोंढ्यात बशीत ओतून दिवसभर चहा पिणाऱ्यांना मी म्हणूनच फारसं रागावत नाही. लिंबू पिळलेला कोरा चहा मात्र वेगळा. त्यात दूध नाही आणि वर आम्ल आहे. हळदीच्या दुधाचा पिवळेपणाही राळेला चटकन लागतो, कारण हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. सुदैवाने ते उजेडात फिकं पडतं.

कोलाचा रंग एवढा गडद, पण त्याचा डाग कॉफीपेक्षा कमी पडतो. त्याचा त्रास आम्लाचा: कडेचं एनॅमल झिजतं. उसाचा रस तर रंग सोडतच नाही, पण त्यातली साखर कडेच्या फटीत बसलेल्या जंतूंना मिळते. म्हणजे डाग न पाडणारं पेय निर्दोष असतं, असं नाही.

ती फट येते कुठून? कडक होताना कॉम्पोझिट साधारण दोन ते तीन टक्के आकसतं. चांगलं बसवलेलं असलं तरी वर्षानुवर्षांच्या चावण्याने कड कुठेतरी किंचित सुटते आणि रंग तिथे साचतो. शिवाय आमच्याकडे मिश्री लावणारे अजून आहेत. ती पृष्ठभाग खरवडते, आणि खरखरीत जागेवर चहा ठाण मांडतो. दोष चहाला मिळतो, काम मिश्रीचं असतं!

तेव्हा रेघ दिसली की आधी पॉलिश करून घ्यावं. बारीक चकत्यांनी काही मिनिटांत वरचा थर निघतो आणि बहुतेक वेळा रंगही जातो. त्यानंतरही रेघ राहिली, पण कड टणक असेल, तर नुसती नजर ठेवली तरी चालतं. कड मऊ लागली, आतून काळपट सावली दिसली किंवा एक्स-रेत काही आढळलं, तर ती कीड. मग भराव काढायलाच हवा. दाताच्या डॉक्टरांना “पॉलिशने भागेल का?” असं विचारण्यात संकोच नसावा.

घरी करण्यासारखं थोडंच आहे. चहानंतर साध्या पाण्याने चूळ भरावी. आंबट पेयानंतर लगेच ब्रश करू नये, अर्धा तास जाऊ द्यावा.

लग्नसराई जवळ आली की दात पांढरे करणाऱ्या जेलची चौकशी वाढते. त्या जेलने दात उजळतो, पण भराव पूर्वीच्याच रंगाचा राहतो आणि उठून दिसतो. म्हणून आधी दात उजळवून घ्यावेत, साधारण दोन आठवडे थांबावं आणि मग नव्या रंगाला जुळणारा भराव करावा. जेलमधला ऑक्सिजन दातात उरलेला असताना राळ नीट धरत नाही, म्हणून ते दोन आठवडे.