आघातोत्तर ताणाची शारीरिक लक्षणे आणि गांजाचा औषधी उपयोग : दावा व पुरावा

युद्ध, दंगल, अपघात, अत्याचार किंवा भूकंप यांतून माणूस वाचतो. परंतु धोका टळला आहे, हे त्याच्या शरीराला पटतेच असे नाही. फटाका वाजला की छातीत धडधडते, घाम फुटतो, अंग ताठरते, रात्री भयस्वप्नांनी झोप मोडते. ही अवस्था महिन्याहून अधिक काळ टिकून दैनंदिन जीवन विस्कळीत करू लागली, की तिचा विचार आघातोत्तर ताणविकार म्हणून केला जातो. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० मध्ये या विकाराला आपल्या निदानसूचीत स्थान दिले. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचे हाल हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. याच सैनिकवर्गातून पुढे गांजाला औषध म्हणून मान्यता देण्याची मागणी जोर धरू लागली.

दाव्यामागील शास्त्र

भीतीची सूचना देणारा मेंदूचा भाग म्हणजे अमिग्डाला. या विकारात तो क्षुल्लक कारणानेही जागा होतो आणि अ‍ॅड्रेनॅलिन स्रवून हृदयाची गती वाढते. गांजातील मुख्य मादक द्रव्य टीएचसी हे इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम व येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये वेगळे केले. त्याच्याशी साधर्म्य असलेले एक द्रव्य मेंदू स्वतःच तयार करतो, हे १९९२ मध्ये मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत आढळले. संस्कृत ‘आनंद’ या शब्दावरून त्याला ‘आनंदमाइड’ असे नाव देण्यात आले. या द्रव्याला प्रतिसाद देणारी केंद्रे अमिग्डालातही आहेत. म्हणून बाहेरून दिलेला गांजा भीती शमवील, अशी अपेक्षा निर्माण झाली.

मात्र येथे एक विसंगती आहे. टीएचसी स्वतःच हृदयाचे ठोके वाढवते. २०१७ मध्ये शिकागो येथे निरोगी स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगात ७.५ मिलिग्रॅम मात्रेने ताण कमी झाला, तर १२.५ मिलिग्रॅमने मन अधिक अस्वस्थ झाले. म्हणजे उतारा आणि अपाय यांत अवघ्या ५ मिलिग्रॅमचे अंतर होते. चिलमीतून ओढताना ही मात्रा कोण मोजणार?

पुरावा काय सांगतो?

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याने २००९ मध्ये या विकारासाठी औषधी गांजाला परवानगी दिली. कॅनडात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात नॅबिलोन या कृत्रिम औषधाने १० सैनिकांच्या भयस्वप्नांवर चांगला परिणाम झाल्याचे दिसले. त्यानंतर ८० माजी अमेरिकी सैनिकांवरील चाचणीचा अहवाल २०२१ मध्ये आला. तीन गटांना वेगवेगळ्या प्रकारचा गांजा व चौथ्या गटाला अंमल न आणणारा, नाममात्र गांजा देण्यात आला होता. चारही गटांना बरे वाटले. परंतु खरा गांजा नाममात्र गांजाहून सरस ठरला नाही. सैनिकांना जाणवलेला आराम खोटा नव्हता. तो गांजामुळेच मिळाला, एवढे मात्र सिद्ध झाले नाही. २०२३ च्या अमेरिकी लष्करी व माजी सैनिक खात्यांच्या मार्गदर्शिकेने या विकारासाठी गांजा वापरू नये, अशी शिफारस केली.

शिवाय नियमित सेवनाने सवय जडते. ते थांबवताच चिडचिड, निद्रानाश व विचित्र स्वप्ने सुरू होतात. रुग्णाला वाटते, की मूळ आजारच उलटला. आणि तो पुन्हा गांजाकडे वळतो.

निष्कर्ष

आघाताच्या आठवणीला तज्ज्ञाच्या साहाय्याने टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याची मानसोपचार पद्धती, तसेच सर्ट्रालीन व पॅरोक्सेटीन ही औषधे, यांना अधिक भक्कम आधार आहे. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने गांजा व चरस यांवर निर्बंध आहेत. भांगेची पाने त्या व्याख्येत येत नाहीत. पण कायद्यातून सुटलेली वस्तू त्यामुळे औषध ठरत नाही. वर्गात दचकणारा, रात्र जागून काढणारा विद्यार्थी ‘नशेखोर’ किंवा ‘भित्रा’ असतोच असे नाही. त्याला उपदेश करण्यापूर्वी शिक्षकाने त्याचे ऐकून घ्यावे आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा २०२२ पासून सुरू असलेल्या शासनाच्या ‘टेली मानस’ या १४४१६ क्रमांकाच्या सेवेकडे त्याला पोहोचवावे, हे अधिक हिताचे होय.