पैसा हवाच, पण कोणाकडून?

अमुक देशाने तमुक देशाला शस्त्रं विकली, अशी बातमी आपण ऐकतो. शस्त्रं विकली की देशात पैसा येतो, कारखान्यांना काम मिळतं. मग ती कोणालाही विकावीत का? ब्रिटनच्या मंत्रिमंडळात १९६७ साली यावरून मोठा वाद झाला. तो आज समजून घेऊ.

दक्षिण आफ्रिकेत तेव्हा गोऱ्यांचं राज्य होतं. काळ्या लोकांना मतदानाचा हक्क नव्हता, स्वतःच्याच देशात फिरायला पास लागायचा. १९६० साली शार्पव्हिल इथे या पासविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी आकड्याप्रमाणेच ६९ माणसं मेली. १९६४ मध्ये ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचं सरकार आलं. पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी जाहीर केलं की, दक्षिण आफ्रिकेला नवी शस्त्रं विकायची नाहीत.

तीन वर्षांनी पैशाची ओढाताण झाली. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाची किंमत २.८० डॉलरवरून २.४० डॉलरवर आणावी लागली. त्यातच दक्षिण आफ्रिका शस्त्रं मागत होती. परराष्ट्रमंत्री जॉर्ज ब्राउन आणि संरक्षणमंत्री डेनिस हीली विक्रीच्या बाजूचे होते. ही शस्त्रं समुद्रावरच्या संरक्षणासाठी आहेत, आपण नाही दिली तर फ्रान्स देईल, असं या बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू म्हणाली, शस्त्र कुठलंही असो, त्याने जुलमी सरकारचे हात बळकट होतात. शिवाय आफ्रिका-आशियातले देश आपल्यावर विश्वास कसा ठेवतील? शेवटी डिसेंबरमध्ये बंदी कायम राहिली.

पण तिथेच सगळं संपलं नाही. १९७० मध्ये सरकार बदललं आणि १९७१ मध्ये हेलिकॉप्टर विकायला परवानगी मिळाली. पुढे १९७७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने सगळ्या देशांना बंधनकारक अशी बंदी घातली. तेव्हा कुठे ‘आपण नाही तर दुसरा देईल’ या म्हणण्यातला जोर कमी झाला.

आम्हा गटातल्या बायकांना यातलं एक लगेच कळतं. दारूच्या धंद्याला कर्ज द्यायचं नाही, हा नियम शिल्लक भरपूर असताना सोपा असतो. हप्ते थकलेत आणि दारूवाला जास्त व्याज देतोय, तेव्हा खरी कसोटी. एकटा गट नाही म्हणाला, तर तो शेजारच्या गटाकडे जाईल. गावातले सगळे गट एकत्र नाही म्हणाले, तर मात्र तो जाणार कुठे?

पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला.