चाकातला पवन

ओळख पाहू, सायकलवर आपण खरं तर कशावर बसतो? सीटवर? छे! हवेवर!

परवा सकाळी मी पिंपळे गुरवहून पवना नदीच्या कडेकडेने दापोडीकडे निघाले. तिथे पवना मुळेला मिळते ना, तो संगम बघायचा होता. पण सायकल पुढे सरकेचना! वाकून पाहिलं, तर दोन्ही टायर मऊ पडलेले, गार झालेल्या पुरीसारखे. पवन म्हणजे वारा. नदीच्या नावात तो होता, चाकात मात्र नव्हता!

हवा एवढं ओझं पेलते तरी कशी? सुट्टीची घंटा झाली की अख्खा वर्ग दाराला धडका देतो ना? हवेचे इवले इवले कण ट्यूबला आतून तशाच धडका देतात. सतत!

आता गंमत ऐक. समज, तुझं वजन 30 किलो, सायकलचं 15. मिळून 45. टायर टणक असेल, आतली हवा दर चौरस सेंटीमीटरला 3 किलोचा जोर लावत असेल, तर जमिनीला किती टायर टेकतो? दोन्ही चाकांचा मिळून साधारण 15 चौरस सेंटीमीटर! म्हणजे एका चाकाचा जेमतेम कॅरमच्या सोंगटीएवढा! तू आणि तुझी सायकल, दोघं मिळून दोन सोंगट्यांवर!

हवेचा जोर निम्मा झाला, की दोनाच्या चार सोंगट्या. टायर जास्त चेपतो. दर फेरीला रबर दबतं, सुटतं, पुन्हा दबतं. कणीक मळल्यासारखं! कणीक मळून हात दुखतात, इथे पाय दुखतात. तुझा जोर रबर गरम करण्यातच जातो.

पूर्वी सायकलच्या चाकांना भरीव रबर असायचं. केवढे दणके! बेलफास्ट शहरातल्या डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरांनी लेकाच्या तीनचाकीला हवा भरलेली रबरी नळी बसवली आणि 1888 मध्ये तिचं पेटंट घेतलं. लेकाची सायकल काय पळाली असेल!

इकडे पंक्चरवाल्या काकांनी माझी ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली. बुडबुडे? एकही नाही! दुसरी ट्यूब? तीही ठणठणीत!

मग हवा गेली कुठे? रबरातूनच! वाढदिवसाचा फुगा गाठ न सुटताही दोन दिवसांत मलूल होतो ना? तसेच हवेचे कण रबरातून हळूच निसटतात. अगदी नव्या ट्यूबमधूनसुद्धा! आणि माझी सायकल तर कितीतरी दिवस जिन्याखाली उभी होती.

काकांनी पंप मारला. फुस्स! फुस्स! मी अंगठ्याने दाबून पाहिलं. टणक!

आणि सुटले संगमाकडे, दोन्ही चाकांत पवन भरून!