अशुद्ध चुंबकाबद्दलचे काही गैरसमज

विठ्ठलवाडीवरून धावणाऱ्या मुंबईच्या लोकलच्या मोटर कोचमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो. वरच्या तारेतली 25 हजार व्होल्टची वीज सेकंदाला 50 फेरे घेते, आणि ट्रान्सफॉर्मरच्या पोलादी गाभ्यातलं चुंबकत्वही तितक्याच वेळा उलटसुलट होतं.

बाहेरचं चुंबकीय क्षेत्र सावकाश बदललं की पोलादाचं चुंबकत्वही तसंच सावकाश वळतं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते धक्क्याधक्क्यांनी वळतं. 1919 साली हाइनरिख बार्कहाउझेन यांनी लोखंडाभोवती तारेचं वेटोळं घालून हे धक्के आवाजाच्या रूपात ऐकले. अशुद्धी आणि धातूतले ताण चुंबकीय विभागांच्या सीमा अडवून धरतात. अडथळा सुटला की सीमा एकदम पुढे सरकते. म्हणूनच क्षेत्र मागे घेतल्यावर चुंबकत्व आल्या वाटेनं परतत नाही, आणि त्या फेऱ्यात वाया गेलेली ऊर्जा गाभा तापवते.

दुसरा समज जास्त पक्का आहे: अशुद्धींसारख्या अव्यवस्थेमुळे चुंबकाचं अवस्थांतर थोडं पुसट होतं, बाकी काही नाही. योसेफ इम्री आणि शांग-केंग मा यांनी 1975 मध्येच याला धक्का दिला. प्रत्येक स्पिनला, म्हणजे अणूच्या सूक्ष्म चुंबकाला, वर किंवा खाली एवढ्याच दोन दिशा आहेत आणि जागोजागी वेगळं, यादृच्छिक क्षेत्र आहे, असं समजा. द्विमितीय थरात हे क्षेत्र कितीही क्षीण असलं तरी सलग सुव्यवस्था, म्हणजे सगळीकडे एकच दिशा, टिकत नाही. त्रिमितीत मात्र कमी तापमानाला आणि क्षीण अव्यवस्थेत ती टिकते. याच्या काटेकोर गणिती सिद्धता 1980 च्या दशकात मिळाल्या.

असं क्षेत्र फक्त कागदावर असतं, हेही खरं नाही. आयर्न फ्लोराइडमधले काही लोहअणू काढून जस्ताचे घाला आणि स्फटिक एकसारख्या बाह्य क्षेत्रात ठेवा. तो यादृच्छिक क्षेत्रात असल्यासारखाच वागतो. फिशमन आणि अहारोनी यांनी 1979 मध्ये हे दाखवलं.

आणि हे संशोधन परदेशातच होतं, असं वाटत असेल तर विठ्ठलवाडीच्या त्याच लोकलनं सीएसएमटी गाठून पुढे कुलाब्याला जा. तिथल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तेव्हा असलेले दीपक धर यांनी प्रबोध शुक्ला आणि जेम्स सेथ्ना यांच्यासह 1997 मध्ये शून्य तापमानाला, फांद्या फुटत जाणाऱ्या बेथे जालकावर, यादृच्छिक क्षेत्रात चुंबकत्व धक्क्यांनी कसं वळतं हा प्रश्न सोडवला. अव्यवस्था क्षीण असेल आणि प्रत्येक स्पिनला चार किंवा अधिक शेजारी असतील, तर क्षेत्र वाढवताना चुंबकत्व एका टप्प्यावर मोठी उडी घेतं. शेजारी तीनच असतील तर उडी नाहीच! एका शेजाऱ्यानं एवढा फरक पडावा, हे मला या विषयातलं सर्वांत विलक्षण सत्य वाटतं. सांख्यिकी भौतिकीतल्या एकूण कार्यासाठी धर यांना 2022 चं बोल्ट्झमन पदक मिळालं. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय.