वाळवंटातून दुचाकीने प्रवास: जोडीदाराला उष्णतेचा त्रास होतोय हे कसे ओळखाल?

दिवाळीची सुट्टी किंवा थंडी आली की महाराष्ट्रातली अनेक जोडपी दुचाकीवरून राजस्थानला जाण्याचा बेत आखतात. पुण्याहून जोधपूर साधारण हजार किलोमीटर. पुढे पोखरणमार्गे जैसलमेर जवळजवळ २८० किलोमीटर आणि तिथून रामगढ, तनोटपर्यंत आणखी १२० किलोमीटर. या प्रवासात तरुण असतात, तसेच मुले शिकायला बाहेर गेल्यावर राहिलेली हौस भागवायला निघालेले पन्नाशीचे नवरा-बायकोही असतात. अशा वेळी 'बीपीची गोळी चालू आहे, गेलो तर चालेल ना?' हा प्रश्न हमखास येतो.

बहुतेकांना जाता येते. पण एक गोष्ट आधी समजून घ्या. उष्णतेचा त्रास वाढू लागला की सर्वांत आधी ज्या गोष्टींवर परिणाम होतो, त्यांत आपली विचारशक्ती असते. त्यामुळे ज्याला त्रास होतोय त्याला तो कळतोच असे नाही. तो 'मी ठीक आहे, अजून तासभर जाऊ' असेच म्हणतो. म्हणून वाळवंटात तुमच्या तब्येतीवर खरी नजर ठेवू शकते ती तुमच्यासोबतची व्यक्ती. ती नजर कशी ठेवायची, हे या लेखात पाहू.

वाळवंटातली उष्णता आपल्याकडच्यापेक्षा वेगळी कशी?

मुंबईत किंवा कोकणात घाम अंगाला चिकटतो, शर्ट ओला होतो. त्यामुळे पाणी प्यायला हवे हे लगेच लक्षात येते. थरच्या वाळवंटात हवा कोरडी असते आणि गाडीवर समोरून सतत वारा लागतो. घाम आला की लगेच वाळतो. कपडे कोरडेच राहतात, म्हणून घाम येत नाही असे वाटते. प्रत्यक्षात तासाला अर्धा ते एक लिटर पाणी शरीरातून निघून गेलेले असू शकते.

घाम वाळणे चांगलेच आहे. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर जाते. पण त्यासाठी शरीरात पाणी शिल्लक हवे. वजनाच्या दोन टक्के इतके पाणी कमी झाले तरी, म्हणजे ७० किलोच्या माणसात साधारण १.४ लिटर, लक्ष विचलित होऊ लागते आणि प्रतिक्रिया मंदावते. गाडी चालवणाऱ्यासाठी एवढे पुरेसे धोकादायक आहे.

वाऱ्याबद्दलही एक गैरसमज असतो. आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश सेल्सिअस असते. हवा त्यापेक्षा थंड असेल तर वाऱ्याने अंग गार होते. हवा ४० अंशांवर गेली की तोच वारा अंगाला उष्णता देऊ लागतो. म्हणून 'गरम होतंय' म्हणून जॅकेट काढून टी-शर्टवर गाडी चालवणे उलट त्रासाचे ठरते. पाणी जास्त वेगाने जाते, त्वचा भाजते आणि पडल्यास संरक्षणही राहत नाही. जाळीचे, हवा खेळती ठेवणारे जॅकेट आणि आत पाण्याने ओला केलेला सुती शर्ट हा चांगला उपाय आहे.

कोणत्या महिन्यात जावे?

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत बरा. दिवाळी ऑक्टोबरमध्ये आली तर जैसलमेर भागात दुपारचे तापमान ३५ अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असू शकते. एप्रिल ते जून हे महिने टाळावेत. जोधपूर-जैसलमेर पट्ट्यातल्याच फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदले गेले होते.

शरीराला उष्ण हवेची सवय होण्यासाठी एक ते दोन आठवडे लागतात. गाडीवरून दोन दिवसांत पोहोचणाऱ्याला तेवढा वेळ मिळत नाही. म्हणून पहिले दोन-तीन दिवस अंतर कमी ठेवा. सकाळी लवकर निघा आणि दुपारी १२ ते ४ सावलीत थांबा. मात्र अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचा, कारण संध्याकाळनंतर रस्त्यावर गाई, उंट आणि नीलगायी येतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे कडाक्याची थंडी असते. गाडीवरच्या वाऱ्याने ती अधिक झोंबते, तेव्हा गरम कपडेही हवेत.

मागे बसणाऱ्याकडे विशेष लक्ष का द्यावे?

गाडी चालवणारा थकतो हे सगळ्यांना दिसते. मागे बसणारी व्यक्ती 'नुसती बसलेली' असल्याने तिचा त्रास मोजला जात नाही. पण ऊन, वारा आणि पाण्याची कमतरता दोघांना सारखीच असते.

यात एक अडचण बायकांची आहे आणि ती स्पष्ट बोलायला हवी. रस्त्यात स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून अनेक जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि लघवी तासन्‌तास रोखून धरतात. यामुळे दोन धोके एकदम वाढतात: उष्णतेचा त्रास आणि लघवीचा जंतुसंसर्ग. पेट्रोल पंप, ढाबे आणि गावे पाहून थांबे आधीच ठरवा. स्वच्छतागृह दिसले की गरज वाटत नसली तरी थांबा. 'अहो, जरा थांबा' असे सांगायला संकोच वाटणार नाही, एवढी मोकळीक प्रवास सुरू होण्याआधीच असायला हवी.

मागे बसलेली व्यक्ती पेंगू लागली तर ती केवळ झोप समजू नका. ते उष्णतेच्या त्रासाचेही लक्षण असू शकते. लगेच थांबा.

दर थांब्यावर करायची तपासणी

हेल्मेट आणि वाऱ्याच्या आवाजात एकमेकांचा चेहरा दिसत नाही, बोलणे नीट ऐकू येत नाही. म्हणून दर तासाभराने थांबणे आवश्यक आहे. दोघांनीही हेल्मेट काढावे आणि एकमेकांच्या बाबतीत या पाच गोष्टी पाहाव्यात:

* बोलणे: पुढचा थांबा कोणता, किती किलोमीटर आले, असे साधे प्रश्न विचारा. उत्तर नीट आणि वेळेत येते का?
* चालणे: गाडीवरून उतरून वीस पावले चाला. तोल जातो का? पायात गोळे येतात का?
* चेहरा: फार लाल झाला आहे की पांढरा पडला आहे?
* लघवी: गेल्या तीन-चार तासांत झाली का? रंग फिकट पिवळा की गडद?
* स्वभाव: नेहमीपेक्षा चिडचिड, हट्ट किंवा एकदम गप्प बसणे आहे का?

पाचपैकी एकही गोष्ट बिघडलेली दिसली, तर किमान अर्धा तास सावलीत थांबायचे. हा नियम घरीच ठरवा आणि ज्याच्याबद्दल शंका आहे त्याचे 'मला काही झालेले नाही' हे उत्तर ग्राह्य धरू नका. एका तासाने उतरून चालल्याने दुसराही फायदा होतो. सलग चार तासांहून जास्त बसून राहिल्यास पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, तो यामुळे कमी होतो.

पाणी किती आणि कसे प्यावे?

तहान लागण्याची वाट पाहू नका. दर थांब्यावर एक ते दोन ग्लास पाणी घ्या. ऊन जास्त असेल तर प्रमाण वाढवा, पण तासाला दीड लिटरच्या पुढे जाऊ नका. नुसते पाणी फार जास्त प्यायल्यास रक्तातले सोडियम कमी होऊन डोकेदुखी, उलटी आणि गोंधळल्यासारखे होणे अशी लक्षणे येऊ शकतात. जेवण टाळू नका. त्यातून मीठ मिळते. ताक, लिंबू सरबत चांगले.

ओआरएसची पाकिटे सोबत ठेवा. मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळायचे असते. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचा. रात्री कॅम्पवर मद्य घेतल्यास शरीरातले पाणी आणखी कमी होते आणि दुसऱ्या दिवशीचा धोका वाढतो.

नेहमीची औषधे चालू असतील तर

निघण्यापूर्वी दोन-तीन आठवडे डॉक्टरांना भेटा. पुढील औषधांबद्दल विशेष विचारा:

* लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि रक्तदाबाची काही औषधे: पाणी कमी झाले की रक्तदाब एकदम उतरू शकतो, मूत्रपिंडावर ताण येतो.
* मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या: यांनी लघवीवाटे पाणी जास्त जाते.
* सर्दी-खोकल्याची झोप आणणारी औषधे आणि मानसिक आजारांवरील काही औषधे: घाम कमी होऊ शकतो किंवा सुस्ती येते. लिथियम चालू असेल तर ही भेट चुकवूच नका.
* अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक: पाणी कमी झालेल्या शरीरात ही मूत्रपिंडांना इजा करू शकतात.

स्वतःहून कोणतीही गोळी बंद करू नका. मात्रा बदलायची का, हे डॉक्टर ठरवतील.

इन्सुलिन गाडीच्या पेटीत किंवा इंजिनजवळच्या बॅगेत ठेवू नका. ते ३० अंशांखाली राहायला हवे. पाण्यात भिजवून वापरायची थंड ठेवणारी पिशवी कोरड्या हवेत चांगले काम करते. बर्फाला थेट टेकवू नका, गोठलेले इन्सुलिन निकामी होते. उष्णतेत इन्सुलिन त्वचेतून लवकर शोषले जाते, त्यामुळे साखर कमी होऊ शकते. थरथर, गोंधळ, घाम ही लक्षणे उष्णतेच्या त्रासासारखीच दिसतात. म्हणून मधुमेह असलेली व्यक्ती विचित्र वागू लागली तर लगेच ग्लुकोमीटरने साखर तपासा. जोडीदाराला ते यंत्र वापरता येणे गरजेचे आहे. तपासणे शक्य नसेल आणि व्यक्ती शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर साखर किंवा ग्लुकोज द्या.

थकवा की उष्माघात?

उष्णतेच्या थकव्यात डोकेदुखी, मळमळ, चक्कर, पायात गोळे, खूप घाम आणि अशक्तपणा असतो. पण माणूस नीट बोलतो. सावलीत आडवे करा, पाय थोडे वर ठेवा, जॅकेट-बूट काढा, अंग ओले करा आणि घोट-घोट ओआरएस द्या. साधारण अर्ध्या तासात बरे वाटू लागले पाहिजे. तसे झाले नाही तर दवाखाना गाठा. बरे वाटले तरी त्या दिवशी पुढचा प्रवास रद्द करा आणि किमान २४ तास विश्रांती घ्या.

असंबद्ध बोलणे, ओळख न पटणे, झटका येणे किंवा शुद्ध हरपणे म्हणजे उष्माघात समजा. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त असते. अंगाला घाम आहे म्हणून उष्माघात नाही, असे समजू नका. या स्थितीत जीव जाऊ शकतो आणि प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

उष्माघात झाल्यास जोडीदाराने काय करावे?

1. ११२ किंवा १०८ वर फोन करा. नेटवर्क नसेल तर येणारे वाहन थांबवा.
2. सावलीत न्या. तापलेल्या वाळूवर थेट झोपवू नका, खाली जॅकेट, चादर किंवा बॅगा टाका.
3. हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, बूट काढा.
4. असलेले पाणी अंगावर ओता आणि जोरात वारा घाला. बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघेत ठेवा.
5. नीट शुद्ध नसेल तर तोंडात पाणी, ओआरएस काहीही घालू नका. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा.
6. पॅरासिटामॉल देऊ नका. ते तापावर चालते, उष्माघातावर नाही.
7. मदत येईपर्यंत आणि वाहनातून नेतानाही अंग गार करत राहा.

अशा व्यक्तीला दुचाकीवर मागे बसवून नेण्याचा प्रयत्न करू नका. ती पडेल आणि तेवढा वेळ अंग गार करणेही थांबेल.

निघण्यापूर्वी दोघांनी मिळून ठरवा

* दोघांपैकी एकालाच गाडी येते का? चालवणारा आजारी पडला तर काय करायचे?
* दोघांच्या औषधांची आणि आजारांची यादी दोघांच्याही खिशात, कागदावर लिहून.
* प्यायच्या पाण्याशिवाय किमान तीन लिटर राखीव पाणी. जैसलमेर सोडल्यावर हे विशेष महत्त्वाचे.
* मार्गावरच्या मोठ्या रुग्णालयांची नोंद, उदाहरणार्थ जोधपूरचे एम्स.
* घरच्या एका व्यक्तीला रोजचा मार्ग आणि मुक्कामी पोहोचण्याची वेळ.

गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा गर्भधारणा असेल, तर डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीशिवाय हा प्रवास करू नका. यापूर्वी उष्माघात होऊन गेला असेल तर तो पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते, तेही त्यांना सांगा. बाकीच्यांनी जरूर जावे. फक्त जोडीदार 'थांबूया' म्हणाला, तर कारण न विचारता गाडी बाजूला घ्यावी.