वर्षाचा सर्वोत्कृष्ट सायकलपटू कोणाला म्हणावें?



जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यांतील आष्टी हें माझें गांव. पावसाळ्यांत समोरून वारा सुटला म्हणजे परतूरच्या रस्त्यानें सायकलींवर परतणारीं आम्ही मुलें एकामागें एक अशी रांग धरीत असूं. पुढचा गडी छातीवर वारा घेई आणि मागचे त्याच्या आडोशाला सावकाश पाय मारीत. गांव जवळ आलें कीं मागचा एखादा चलाख पोरगा रांगेंतून सुळकन् बाहेर निघे आणि वेशीशीं सर्वांच्या आधीं पोंचे. मग वाद सुरू होई. आधीं पोंचला तो पहिला, हें त्याचें म्हणणें. सबंध वाट ज्यानें वारा खाल्ला तो धापा टाकीत म्हणे, "माझ्या पाठीमागें लपून आलास, आणि पहिला कसला रे?" त्या वादाचा निकाल कधीं लागल्याचें मला आठवत नाहीं.

हाच वाद यूरोपांत दर वर्षीं शर्यतींचा हंगाम सरला म्हणजे मोठीं जाणतीं माणसें घालीत असतात. फ्रान्समधील 'वेलो मागाझीन' हें मासिक १९९२ पासून वर्षांतील सर्वोत्कृष्ट धंदेवाईक सायकलपटूला 'वेलो द'ऑर', म्हणजे सोन्याची सायकल, हें पारितोषिक देतें. निरनिराळ्या देशांतील क्रीडावार्ताहर त्यासाठीं मतें देतात. त्यांत गुणांची बेरीज नाहीं. बेरजेचें काम आंतरराष्ट्रीय सायकल संघटना वेगळें करतेच, आणि तिची क्रमवारी पुष्कळदां वार्ताहरांच्या निवडीशीं जुळत नाहीं. २०२३ सालीं तसेंच झालें. क्रमवारींत पहिला होता स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार. सोन्याची सायकल मिळाली डेन्मार्कच्या योनास विंगेगार्डला. त्या एका वर्षाविषयींच मी आज बोलणार आहें, कारण इतकें वादास योग्य वर्ष सहसा सांपडत नाहीं.

त्याआधीं वाऱ्याचा हिशेब सांगितला पाहिजे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं चाळीस किलोमीटरनें जाणाऱ्या स्वाराची बहुतेक शक्ति हवा बाजूस सारण्यांतच खर्ची पडते. दुसऱ्याच्या चाकामागें हातभर अंतरावर राहिलें तर त्या श्रमांतील जवळजवळ तिसरा हिस्सा वांचतो. म्हणून मोठ्या शर्यती एकट्याच्या नसतात. आठ जणांचा एक संघ असतो, त्यांत एक नायक असतो, आणि बाकीचे सात त्याला वाऱ्यापासून जपतात, मागच्या मोटारींतून पाण्याच्या बाटल्या आणून देतात, प्रसंगीं स्वतःचें चाक काढून देतात. फ्रेंच लोक अशा स्वाराला 'डोमेस्तीक' म्हणतात. त्याचा सरळ अर्थ घरगडी. हा घरगडी दमला कीं मागें पडतो आणि नायक पुढें निघून जातो. वर्तमानपत्रांत नांव नायकाचें येतें.

चढणीवर मात्र वेग मंदावतो, आडोशाचा लाभ घटतो, आणि ज्याचें बळ त्याच्याच पायांत असावें लागतें. आपली मुंबई-पुणें सायकल शर्यत ज्यांनीं पाहिली आहे त्यांना हें सांगावयास नको. बोरघाट प्रथम चढणाऱ्याला तेथें 'घाटाचा राजा' हा किताब देतात. पुण्यास पहिला येणारा पुष्कळदां दुसराच कोणी असतो. ह्या दोन गुणांना आपल्या लोकांनीं दोन नांवें दिलीं हें मला फार शहाणपणाचें वाटतें. वर्षाचें पारितोषिक मात्र एकच, आणि तेथेंच अडचण येते.

आतां २०२३ चे उमेदवार पाहूं. विंगेगार्डनें टूर द फ्रान्स जिंकली. तीन आठवडे, एकवीस टप्पे, सुमारें ३,४०० किलोमीटर. पंधरा टप्पे संपले तेव्हां त्याच्यांत आणि पोगाचारांत अवघ्या दहा सेकंदांचें अंतर होतें. मग सोळाव्या टप्प्यांत, जेथें प्रत्येकास एकट्यानें घड्याळाविरुद्ध जावें लागतें, त्यानें केवळ २२.४ किलोमीटरांत पोगाचारला १ मिनिट ३८ सेकंदांनीं मागें टाकलें. दुसऱ्याच दिवशीं आल्प्सच्या लोझ घाटांत पोगाचार कोसळला. शेवटचें अंतर ७ मिनिटें २९ सेकंद. ह्याखेरीज बास्क प्रांताची आणि दोफिनेची अशा आणखी दोन शर्यती विंगेगार्डच्या नांवावर होत्या.

पोगाचारच्या बाजूनेंही पुष्कळ बोलतां येतें. त्या वर्षीं पारी-नीस, फ्लांडर्स, आम्स्टेल, फ्लेश वालोन आणि लोंबार्दी ह्या शर्यती त्यानें जिंकल्या. त्यांत सपाट दगडी रस्ते आले, आखूड चढणी आल्या, लांब घाटही आले. एप्रिलमध्यें लिएजच्या शर्यतींत पडून त्याचें मनगट मोडलें होतें. टूर सुरू झाली १ जुलैला. त्याचे चाहते हें मनगट अजून पुढें करतात, आणि त्यांचें अगदींच चुकतें असें नाहीं. पण मोडलेल्या मनगटाला सात मिनिटें देणें मला जड जातें.

तिसरा नेदरलंडचा माथ्यू व्हान डर पूल. मिलान-सान रेमो, पारी-रुबे आणि ऑगस्टमध्यें ग्लासगोला जगज्जेतेपद. ग्लासगोला तो ओल्या वळणावर पडला, बुटाची कळ मोडली, तसाच उठला आणि एकटा पुढें जाऊन जिंकला. त्याचे आजोबा रेमों पुलिदोर. त्यांनीं १९६१ सालीं मिलान-सान रेमो जिंकली होती, पण टूर कधींच जिंकली नाहीं; तिच्यांतील आघाडीचा पिवळा सदरा एक दिवससुद्धां त्यांच्या अंगावर चढला नाहीं. तरी फ्रान्सनें त्यांच्यावर जितकी माया केली तितकी पुष्कळ विजेत्यांच्या वांट्यास आलेली नाहीं.

स्लोव्हेनियाच्याच प्रिमोझ रोग्लिचनें इटलीची जिरो अवघ्या चौदा सेकंदांनीं जिंकली. विंगेगार्ड आणि रोग्लिच दोघेही युम्बो-व्हिस्मा ह्या डच संघाचे. आणि स्पेनची व्हुएल्टा जिंकणाराही त्याच संघाचा होता. एकाच वर्षांत तिन्ही महाशर्यती एका संघाच्या तीन वेगळ्या स्वारांनीं जिंकल्या. हा तिसरा स्वार म्हणजे कोलोराडोंतील दुरांगो गांवचा सेप कुस, आणि माझें मत त्याला आहे.

कुस हा घरगडी. मे महिन्यांत जिरोमध्यें त्यानें रोग्लिचसाठीं वारा खाल्ला आणि स्वतः चौदावा आला. जुलैमध्यें टूरमध्यें विंगेगार्डसाठीं डोंगर चढला आणि बारावा आला. संघाच्या तिन्ही विजयांत रस्त्यावर हजर असलेला माणूस तो एकटाच. व्हुएल्टाच्या सहाव्या टप्प्यांत तो पुढें निसटलेल्या टोळींत होता. घरगड्याची धास्ती कोणी बाळगीत नाहीं, म्हणून त्याला जाऊं दिलें. तो टप्पा जिंकला, आणि आठव्या टप्प्याअखेर आघाडीचा तांबडा सदरा त्याच्या अंगावर आला.

मग १३ सप्टेंबरला आंग्लिरूचा घाट आला. स्पेनमधील हा घाट इतका उभा आहे कीं मोटारीही तेथें कण्हतात. ज्या दोघांसाठीं कुसनें सबंध उन्हाळा वारा खाल्ला होता, ते रोग्लिच आणि विंगेगार्ड तांबडा सदरा घातलेल्या आपल्याच सोबत्याला मागें टाकून पुढें निघून गेले. कुस एका परक्या संघाच्या मिकेल लांडाचें चाक धरून वर आला. त्याची आघाडी उरली फक्त आठ सेकंद. त्या संध्याकाळीं जगभर जो गिल्ला झाला तो ऐकतांना मला आमची वेस आठवली. दुसऱ्या दिवसापासून दोघे नायक त्याच्यासाठीं राबूं लागले, आणि माद्रिदला कुस विंगेगार्डहून सतरा सेकंदांनीं पुढें राहिला.

माझ्या मतांतलें दुबळें स्थळ मी लपवीत नाहीं. शेवटच्या दिवसांत त्या दोघांना मोकळें सोडलें असतें तर बहुधा कुस तिसरा आला असता. तेव्हां हा विजय थोडासा दान मिळालेला आहे, असें कोणी म्हटलें तर मी भांडणार नाहीं. पण मग जिरो आणि टूर हींही थोडींशीं त्यानें दिलेलीं दानेंच ठरतात, आणि तीं कोणाच्या हिशेबांत धरलीं गेलीं नाहींत. ज्या खेळांत दुसऱ्याची पाठ हेंच अर्धें भांडवल, तेथें वर्षाचा स्वार निवडतांना पाठ कोणाची होती हें विचारूंच नये, हें मला पटत नाहीं. परीक्षक नेहमींच टूरच्या विजेत्याकडे वळतात असेंही नाहीं. २०१९ सालीं टूरमध्यें पांचव्या आलेल्या फ्रान्सच्या जुलियाँ आलाफिलीपला त्यांनीं सोन्याची सायकल दिली होती. मनांत असतें तर वाट मोकळी होती.

पुढच्या वर्षीं वादाला जागाच उरली नाहीं. २०२४ सालीं पोगाचारनें जिरो, टूर आणि जगज्जेतेपद तिन्ही एकाच वर्षांत मिळविलें. त्यापूर्वीं हें फक्त १९७४ मध्यें एडी मर्क्सला आणि १९८७ मध्यें स्टीफन रोशला साधलें होतें. पारितोषिक त्यालाच मिळालें, आणि तें योग्यच होतें. त्या वर्षींच्या टूरमध्यें विंगेगार्ड ६ मिनिटें १७ सेकंदांनीं मागें पडून दुसरा आला. एप्रिलमध्यें एका भीषण अपघातांत त्याच्या फुफ्फुसाला इजा झाली होती, आणि आजारपणामुळें कुस त्या टूरला येऊंच शकला नव्हता. ह्या दोन कारणांपैकीं किती मिनिटें कोणत्या खातीं घालावयाचीं हें मी ठरवूं शकत नाहीं. पण दुसरें खातें अगदीं कोरें ठेवावयास माझें मन घेत नाहीं.